गोळी खरी होती का?

रोह्याच्या खालिदभाईंची थोरली मुलगी हफ्सा बी.एस्सी. झाली, तेव्हा घरात दोन मतं पडली. आईला वाटे, आता लग्न उरकावं. दोह्यात अर्धं आयुष्य ट्रेलर चालवून परतलेल्या खालिदभाईंना वाटे, पोरीनं सरकारी नोकरी धरावी. हफ्साला मिळालेली नोकरी धड सरकारी नव्हती आणि खासगीही नव्हती. पेणच्या एका दवाखान्यात सरकारच्या पैशातून सर्पदंशावरच्या नव्या औषधाचा अभ्यास सुरू झाला होता. त्यात तिला कंत्राटावर घेतलं. ती पेणमधल्याच रामवाडीत भाड्याची खोली घेऊन राहू लागली.

अभ्यास समजायला अवघड नव्हता. साप चावलेल्या प्रत्येकाला नेहमीचं विषावरचं इंजेक्शन मिळणारच होतं. त्याच्या जोडीला एक गोळी द्यायची. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली गेली हे रुग्णाला कळायचं नाही, नर्सला नाही आणि डॉक्टरांनाही नाही. तसं केल्याशिवाय औषध खरंच चालतं की नाही, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. हफ्साचं काम होतं नातेवाइकांना हे सगळं समजावून त्यांची संमती घेण्याचं. तेही घाईनं, कारण गोळी जितकी लवकर पोटात जाईल तितकी बरी.

हे काम तिला जमत असे. ती रोह्याकडची बोली बोलायची, घाबरलेल्या बाईचा हात धरायची आणि खोटा धीर द्यायची नाही. अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर नम्रता गावंड म्हणायच्या, "हफ्सा बोलली की माणसं निदान ऐकून तरी घेतात."

प्रशिक्षणात एक गोष्ट बजावून सांगितली होती. नातेवाईक विचारतील, तुमच्या घरचं माणूस असतं तर तुम्ही काय केलं असतं? त्याचं उत्तर द्यायचं नाही. निर्णय त्यांचा.

भात पिकायला आलं होतं, त्या दिवसांत जिते गावाच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातून हिरामणला आणलं. सकाळी शेताच्या बांधावर गवत कापताना त्याच्या पायाला काहीतरी लागलं. काटा असेल म्हणून तो काम करत राहिला. पाय सुजून टरटरला, तेव्हा शेजाऱ्याच्या टेम्पोतून त्याला पेणला आणलं, तोवर दुपार झाली होती. हिरड्यांतून रक्त येत होतं. काचेच्या नळीत घेतलेलं रक्त गोठेना. घोणस होती, यात डॉक्टरांना शंका राहिली नाही. इंजेक्शन लगेच सुरू झालं.

हफ्सानं त्याला अभ्यासाबद्दल सांगितलं. हिरामण शुद्धीवर होता, पण डोकं गरगरत होतं. तो म्हणाला, "तिला विचार. आमच्या घरातला निकाल तीच लावते."

बायजाबाई, त्याची बायको, दाराशी उभी होती. पायाला शेतातला चिखल तसाच. तिनं सगळं ऐकलं.

"म्हंजे खोटी गोळी पन असंल?"

"असू शकेल, मावशी. पण इंजेक्शन खरंच हाय, ते चालू झालंय. तुम्ही नाय म्हटलंत तरी त्यात काय कमी करणार नाय."

बायजाबाईनं तिच्याकडे बघितलं. "गो पोरी, तुजा बा असता तं तू काय केलं असतंस?"

आत हिरामण कण्हत होता. हफ्साला उत्तर टाळता आलं असतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "मी व्हय म्हटलं असतं."

"मंग माजं पन व्हय," बायजाबाई म्हणाली आणि तिनं अंगठा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी हिरामणची लघवी बंद झाली. त्याला मुंबईला हलवलं. तिथं रक्त शुद्ध करायच्या मशीनवर ठेवलं, आणि त्या आठवड्यातच तो गेला.

त्यानंतर त्याचा मुलगा निकेश दवाखान्यात आला. तो नागोठण्याकडच्या एका कंपनीत शिफ्टला होता आणि साप चावला त्या दिवशी कामावर होता. ओपीडीच्या भरल्या गर्दीत तो ओरडला, "माझ्या बापावर प्रयोग केला तुम्ही! आई अडाणी बघून अंगठा घेतला!" डॉक्टर नम्रतांनी त्याला आत बसवून समजावायचा प्रयत्न केला. चावून बराच वेळ गेला होता, घोणशीच्या विषानं मूत्रपिंडं जातात, हे सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. जाताना त्यानं हफ्साकडे बोट केलं. "आई म्हणते, या ताईनं सांगितलं म्हणून मी व्हय म्हटलं."

त्या संध्याकाळी हफ्सानं नम्रतांना सगळं सांगितलं. त्यांनी हिरामणचा संमतीचा कागद काढून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "हे मला वरच्या समितीला कळवावं लागेल."

रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या त्या समितीनं विचारपूस केली. तिला समज दिली, काढून टाकलं नाही. अभ्यासावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञांनी हिरामणची सगळी माहिती तपासली आणि अभ्यास चालू ठेवायला हरकत नाही असं कळवलं. त्याला कुठली गोळी मिळाली, ते मात्र पेणला कुणाला सांगितलं नाही.

खालिदभाई फोनवर म्हणाले, "सोड ही नोकरी. कुणाच्या मरणाचं ओझं घेऊन झोपतेस रोज."

"सोडली तर ओझं उतरंल का, अब्बा?"

खालिदभाई दुसऱ्या दिवशी तिला न विचारता तिच्यासाठी पापलेट घेऊन पेणला आले, दोन घास जेवले आणि परत गेले.

दहाव्या-बाराव्याचे विधी उरकून बरेच दिवस झाल्यावर हफ्सा एकटीच त्या गावी गेली. निकेश कामावर होता. बायजाबाई ओटीवर बसून सुका जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होती. तिनं बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. हफ्सा उभीच राहिली.

"मावशी, तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी उत्तर द्यायला नको होतं. तसा नियम होता. मी चुकले."

"तू खोटं बोललीस काय?"

"नाय. खरंच बोलले."

"मंग?" बायजाबाईचे हात थांबले. "मला एवढंच सांग. त्याला खरी गोळी दिली का खोटी?"

"मला म्हाईत नाय. डॉक्टरांनापण नाय."

"गो, मंग कोनाला म्हाईत हाय?"

"दिल्लीला. तिथल्या मोठ्या ऑफिसात यादी हाय. अभ्यास संपला की कळंल."

"माजा घरवाला गेला आनि दिल्लीला म्हाईत, मला नाय." ती पुन्हा जवळा निवडू लागली. मग मान वर न करता म्हणाली, "कळंल तवा येऊन सांग. दुसऱ्या कुनाला धाडू नको."

पुढची दोन वर्षं हफ्साला फार जड गेली. गावोगाव बोभाटा झाला होता, की पेणला गोळी देऊन मारतात. पुष्कळ लोक नाही म्हणू लागले. कुणी नाही म्हटलं की तिला आतून हलकं वाटे, आणि मग त्या हलकेपणाचीच तिला लाज वाटे. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा, तुमचा बाप असता तर? ती म्हणायची, "ते मला सांगता येणार नाय." लोकांना ते तुटक वाटायचं. रोह्याकडची एक बाई रागानं म्हणाली, "मंग कशाला उभी हायस इथं?" तिचा नवरा गोळी न घेता बरा होऊन घरी गेला. गोळी घेतलेलेही बरेच जण बरे झाले. कशावरूनही काही ठरवता येत नव्हतं.

अखेर निकाल आला. लवकर पोचलेल्यांमध्ये खऱ्या गोळीनं रक्तस्राव लवकर आटोक्यात आला होता. उशिरा आलेल्यांमध्ये फारसा फरक नव्हता. गोळीमुळे कुणाला अपाय झाल्याचं दिसलं नाही. मृत्यू कमी झाले का, हे सांगायला अजून पुष्कळ रुग्णांवर अभ्यास हवा होता. ज्या घरच्यांनी विचारलं होतं, त्यांना गोळी कुठली होती ते सांगायचं ठरलं.

नम्रता म्हणाल्या, "मी येऊ बरोबर?"

"नको मॅडम. मला एकटीलाच बोलावलंय."

या वेळी निकेश घरी होता. बायजाबाईनं हफ्साला चटई टाकून दिली. हफ्सा बसली.

"मावशी, गोळी खरी होती."

बायजाबाईनं पुन्हा विचारलं, "खरी व्हती?"

"व्हय."

"मी दोन वरसं म्हनत व्हते, खोटी दिली म्हनून गेला. खरी मिळाली असती तं वाचला असता." तिनं पदर तोंडाला लावला. "आता काय म्हनू?"

ती रडू लागली. हफ्सा जवळ सरकली, पण हात पुढे करायचं तिला धाडस झालं नाही.

निकेश दारातून म्हणाला, "म्हणजे गोळीनंच मारलं. मी म्हणत होतो ना?"

"घोनशीनं मारलं," बायजाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "आनि ह्यो तुजा बाप सकालपासनं पाय फरफटत काम करत बसला, त्यानं मारलं. दोन वेला म्हटलं मी, पाय दाखव. नाय दाखवला."

निकेशनं चपला घातल्या आणि तो खाडीच्या दिशेनं निघून गेला. त्याला आईचं पटलं असं हफ्साला तेव्हाही वाटलं नाही, नंतरही नाही.

अभ्यासाच्या पुढच्या टप्प्याला पैसे मंजूर झाले. गोळ्या आता गावांजवळच्या आरोग्य केंद्रांतच ठेवायच्या होत्या, म्हणजे चावल्याबरोबर देता येतील. नम्रतांनी हफ्साला पुन्हा बोलावलं. तिनं एक अट घातली. रुग्ण समोर तळमळत असताना संमती मागायला ती उभी राहणार नाही. गावात आधीच जाऊन, साप चावलेला नसताना, लोकांसमोर बसून सगळं सांगायचं काम ती करील. खोट्या गोळीचंही सांगेल आणि मेलेल्यांचंही. नम्रता हो म्हणाल्या.

हिरामणच्या गावातली सभा शाळेच्या वर्गात झाली. पंधरावीस माणसं आली. हफ्सानं हिरामणचं नाव घेऊन, काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. ती काय बोलून गेली होती, तेही सांगितलं. मागे कुणीतरी कुजबुजलं. दोघेतिघे उठून गेले. बायजाबाई बाकावर शेवटपर्यंत बसून होती. सभा संपल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, अजून पन निम्म्यांना खोटीच देनार का?"

"व्हय, काका. अजून काही वर्षं."

"मंग मी इचार करीन," तो म्हणाला आणि काठी टेकत बाहेर पडला.