नळापाशी बंद पडणारी गाडी

आमच्या घरात कुणी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. याचं कौतुक मी लहानपणापासून ऐकत आले. शेजारच्या खोलीत भांडी आपटायची, आमच्याकडे चढा आवाज म्हणून नाही. आता या कौतुकाचा मला वीट आला आहे.

मागच्या थंडीत बाबांचा फोन आला. आई गेल्यापासून ते टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये एकटे राहतात. मी डोंबिवलीला, दादा माजिवड्याला. बाबांचा फोन म्हणजे ‘जय भीम, बरी आहेस ना, ठेवतो’. त्या दिवशी मात्र ठेवेनात.

“गाडी सकाळची बंद पडते गं. किक मारली की लागते, जरा धुगधुगते, गियर टाकला की खल्लास.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “गाडीचं काही नसेल. माझाच हात गेला बहुतेक.”

ती मोटरसायकल माझ्या लग्नापेक्षा जुनी. नुसत्या किकवर चालणारी. बाबा मोहन्याच्या कारखान्यात होते तेव्हाची, आणि आम्ही तिथल्या चाळीत वाढलो. बिऱ्हाड हललं तरी त्यांचं मन तिथेच राहिलं. रोज सकाळी ते गाडी काढून मोहन्याला जायचे. विहाराच्या कट्ट्यावर जुने सोबती जमतात. पेपर, चहा, सरकारला शिव्या, आणि जेवायच्या वेळेला परत. दादाला हे पसंत नव्हतं. ‘त्या रस्त्याला ट्रक असतात’ असं तो मला सांगायचा. बाबांना कधीच नाही.

आता महिनाभर बाबा कट्ट्यावर गेले नव्हते. सोबत्यांना त्यांनी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं होतं. रिक्षाने जा म्हटलं तर म्हणाले, “रिक्षातून उतरताना बघतील ना सगळे.”

रविवारी सकाळी मी टिटवाळ्याला गेले. पार्किंगमध्ये बाबा स्वेटर घालून गाडीपाशी उभे. दाढी वाढलेली. त्यांनी प्लग बदलला होता, जुनं पेट्रोल काढून नवं भरलं होतं, एअर फिल्टर झटकला होता. नाक्यावरचा मेकॅनिकही येऊन गेला होता, पण दुपारी. तोवर बाबांनी किका मारमारून इंजिन तापवलेलं. त्याच्या हातात गाडी पहिल्या किकला सुरू झाली. “काका, मक्खन चालतेय. तुमच्याकडून किक बसत नसेल आता. सेल्फवाली घ्या,” म्हणून तो गेला. ते वाक्य बाबांनी मला दोनदा सांगितलं. हसत सांगितलं, पण डोळे हसत नव्हते.

“गरम झाल्यावर बंद पडत नाही ना?” मी विचारलं. “मग चोक बघू या.”

“चोक ओढतोच की मी. मला शिकवतेस काय?”

त्यांनी हँडलवरचा खटका ओढून दाखवला. खटका हलत होता, जरा जडही लागत होता. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्तीचं पेट्रोल लागतं, ते या चोकमुळे मिळतं, एवढं मला ठाऊक होतं. चाळीत दर रविवारी ते गाडी खोलायचे आणि मी बाजूला बसून पाने द्यायचे. दादा तेव्हा क्रिकेटला. गाडी मात्र पुढे चालवायला मिळाली ती दादाला.

बाबांना गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही. मी बसले. मोबाइलचा टॉर्च मारला. खटक्यापासून निघालेली वायर खाली कार्बोरेटरपर्यंत जायला हवी, तिथल्या आकड्यात अडकायला हवी. आकडा रिकामा होता. वायर तुटलेली नव्हती. ती सोडवून टाकीच्या खाली, फ्रेमला काळ्या टेपने नीट बांधून ठेवलेली होती. खटका ओढला की जड लागावा, म्हणून ताणून बांधलेली.

मी टेप सोडवायला गेले तर ती लगेच निघाली. टोक आत दुमडलेलं होतं. पुन्हा सोडवताना नखाने टोक शोधत बसायला लागू नये, म्हणून बाबा तसं दुमडतात. आमच्या घरात ही सवय दोघांनाच आहे. एक बाबा. दुसरा, महिन्यापूर्वी येऊन ‘गाडी धुऊन देतो’ म्हणून अर्धी सकाळ खाली पार्किंगमध्ये बसलेला.

मी टेप बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती दुमड अंगठ्याने चाचपली.

माझं डोकं फिरलं. सत्तरी ओलांडलेला माणूस महिनाभर स्वतःच्या हाताला दोष देत बसलाय, दाढी करायचा थांबलाय, आणि हा मुलगा फोनवर विचारतो, ‘काय म्हणते गाडी, बाबा?’ ट्रकची भीती वाटत होती तर तोंड उघडायचं होतं. भांडायचं होतं. मी फोन काढला.

“दादाला लावते. आत्ता विचारते त्याला.”

“नको.” बाबांनी फोनवर हात ठेवला. “त्याला काय बोलणार? माझ्याकडूनच शिकला तो.”

“टेप लावायला?”

“तसं नाही गं.” ते गाडीच्या टाकीकडे बघत होते. “कॉलेजात असताना तू हट्ट धरलेलास, आठवतंय? गाडी शिकते म्हणून. तुझी गाडी नळापाशी बंद पडायची.”

आठवत कसं नसेल? मी मागितली आणि बाबांनी एका शब्दात दिली होती. सकाळी चाळीतून निघायचे, वळणावरच्या नळापर्यंत जायचे, आणि गाडी गचकन बंद. दर वेळी तिथेच. नळावर पाण्याला आलेल्या बायका हसायच्या. मी घामाघूम होऊन गाडी ढकलत परत आणायचे, आणि बाबा बसले की एका किकला सुरू. ‘थंड गाडीला हात लागतो, तुझ्या हाताला यश नाही,’ असं ते मायेने म्हणायचे. मी नाद सोडला. पुढे स्कूटीलाही हात लावला नाही. आधी बाबांच्या मागे बसले, मग दादाच्या, मग नवऱ्याच्या. मशीन आपल्याला जमत नाही, हे मी ऑफिसातसुद्धा हसत हसत सांगत आले.

“तू निघायच्या आधी मी पेट्रोलचा कॉक बंद करायचो,” बाबा म्हणाले. “खाली उरलेल्या पेट्रोलवर नळापर्यंत जायची. तुला नाही म्हणवेना. आणि चाळीत पोरगी गाडीवर... लोक बोलायचे तेव्हा.”

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. नुसता संताप आला, आणि ज्याच्यावर यायला हवा तो समोर स्वेटरमध्ये काकडत उभा होता.

मी पुन्हा खाली बसले. वायर आकड्यात अडकवली. उठले, कॉक उघडा आहे ना ते स्वतः बघितलं, चोक ओढला आणि ओढणी कमरेला बांधून किक मारली. तिसऱ्या किकला गाडी लागली. बाबा ‘अगं’ म्हणेपर्यंत मी बसले होते. पहिल्या गियरवर बिल्डिंगला फेरी मारली. वॉचमन उठून उभा राहिला. वळताना पाय टेकवावा लागला, पण गाडी बंद पडली नाही. मी दुसरी फेरी मारली. तेव्हाही पडली नाही. तेवढ्यात सगळी वर्षं डोळ्यांसमोर आली आणि मला फार, फार राग आला.

परत आले तर बाबांचा चेहरा उजळलेला. “जमलं की गं तुला,” म्हणाले. मग स्वतः बसले, ॲक्सिलरेटर पिळून बघितला, दोन वेळा, तीन वेळा. महिन्याभराचं म्हातारपण अंगावरून उतरलेलं दिसत होतं.

“हात शाबूत आहे माझा,” ते म्हणाले. “दादाला काही बोलू नकोस, उगाच वाईट वाटेल त्याला. चल, बस मागे. तुला स्टेशनला सोडतो आणि तसाच मोहन्याला जातो.”

“तुम्ही जा,” मी म्हणाले. “मी रिक्षाने जाते.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. गेटबाहेर रिक्षाची वाट बघत मी उभी राहिले. गाडीचा आवाज वळणापलीकडे लांब लांब जात होता, आणि मध्ये कुठेही तुटत नव्हता.