अक्कांची सही

अक्का कुणाच्या भरवशावर सही करत नसत. मालकांच्या तर नाहीच नाही.

रामनगरच्या आमच्या कारखान्यात रुग्णाला थेंबाथेंबाने औषध देणारे पंप बनत. पंपाला हुकूम देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, अक्का लिहीत आणि मी त्यांच्या हाताखाली शिके. त्या नदीपलीकडच्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी वैदिकांची लेक. मुलींना वेद शिकवायचे नाहीत, हा वडिलांचा नियम. ते शिष्यांना शिकवत, तेव्हा अक्कांनी तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकून पाठ केलं आणि एक दिवस आतून ओरडून शिष्याची चूक काढली. "शब्द सगळे होते रे, जागा हलल्या होत्या," त्या सांगत. त्याबद्दल बोलणी खाल्ली, पण माघार घेतली नाही.

एका वर्षी मालकांनी स्वस्त प्रोसेसर आणला. आमचा ड्रायव्हर आधी औषधाची मात्रा लिही, मग 'सुरू' म्हणे. जुना प्रोसेसर दोन्ही त्याच क्रमाने पंपापर्यंत पोचवी. नवा आपल्या सोयीने मागेपुढे करी. हजारांतून एखाद्या वेळी 'सुरू' आधी पोचे आणि पंप मागच्या रुग्णाची मात्रा देऊन मोकळा होई.

दोष शोधायला मी पायरीपायरीवर पडद्यावर एकेक ओळ छापायला लावली, तर दोषच नाहीसा झाला! मी आनंदाने लौंगलतेची मिठाई वाटायच्या बेतात होतो. अक्कांनी चष्मा वर केला.

"छापण्यात वेळ जातो, तेवढ्यात मात्रा पोचते, म्हणून गडी सुधरल्यासारखा दिसतोय. तुझ्या ओळी काढ, फिर देख."

काढल्या. दुपारच्या चहाच्या आत पंपाने पुन्हा जुनी मात्रा दिली.

मालक म्हणाले, "तो लाइनें रहने दीजिए न, अक्का. यही ड्राइवर तीन साल से चल रहा है."

"चल रहा था, क्योंकि पुराना प्रोसेसर शरीफ था. अब मरीज किसके भरोसे लेटेगा?"

आधीचं पोचल्याशिवाय पुढचं पाठवू नकोस, अशी आज्ञा चाळीस ठिकाणी तपासून घालायची होती. त्याला पंधरा दिवस हवे होते, मालकांकडे दोन होते. त्यांनी तपासणीच्या कागदावर पेन ठेवलं. अक्कांनी ते उचलून स्वतःच्या अंबाड्यात खोचलं. इतकी उद्धट बाई मी पाहिली नाही, आणि इतका अभिमानही मला दुसऱ्या कुणाचा वाटलेला नाही.

पंप पंधरा दिवस उशिराच गेले, अक्कांच्या सहीने. महिनाअखेरीस त्यांना नारळ मिळाला.

"थोडं नमतं घेतलं असतं तर?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"कुणाच्या जिवावर?" म्हणाल्या आणि भोसले घाटाकडे जाणाऱ्या नावेत बसल्या. पेन अंबाड्यातच होतं.

गेल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं. खाटेशेजारी आमचाच पंप उभा. सकाळभर मी थेंब मोजत बसलो, शेवटी राहवेना म्हणून अक्कांना फोन लावला.

"अक्का, आईला आपला पंप लावलाय. भीती वाटते."

"कोणत्या खेपेचा?"

पेटीवरचा नंबर मी वाचून दाखवला.

"मग थेंब काय मोजतोस? घरी जा, जेवून घे. सही माझी आहे."