दर बुधवारी कॉन्व्होकेशन

आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत मी खरेदी विभागात आहे. पाइप आले की त्यांच्यासोबतचं टेस्ट सर्टिफिकेट खरं की खोटं, हे बघणं माझं काम. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. दुधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा मी दोनदा वाचतो.

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मुलीने चार छापील पानं माझ्यापुढे ठेवली, तेव्हा मी आधी पेन्सिल शोधली. ऊद मेथा भागातल्या एका शाळेत परदेशी विद्यापीठांची जत्रा भरली होती, तिथून तिने ती आणली होती. वर लिहिलं होतं, ‘ओव्हरव्ह्यू’. अमेरिकेतलं एक छोटं, खासगी, बॅप्टिस्ट विद्यापीठ. मी तिन्ही शब्दांपाशी अडलो. छोटं म्हणजे किती? खासगी म्हणजे कोणाचं? आणि बॅप्टिस्ट म्हणजे आमची पोरगी चार वर्षांनी बाप्तिस्मा घेऊन परत येणार की काय?

लाल विटांच्या इमारती, एक तळं, पांढऱ्या मनोऱ्याचं चॅपल. एका वर्गात जेमतेम पंधरा मुलं. कॅम्पसवर दारू नाही. सगळं जरा जास्तच छान होतं. मग मला फोटोंमध्ये एक लाल केसांची मुलगी दिसली. प्रयोगशाळेत तीच, गायनवृंदात तीच, व्हॉलीबॉलच्या मैदानावरही तीच. भाड्याने आणलेली असणार, मी तिच्याभोवती गोल केला.

पोरीला तिथेच का जायचंय, ते तिने मला नाही, आईला सांगितलं होतं. आमची मुलगी बोलताना अडखळते. जत्रेतल्या बाकीच्या टेबलांवरच्या लोकांनी तिची वाक्यं स्वतःच पूर्ण करून टाकली. या विद्यापीठाच्या बाई मात्र तिचं वाक्य संपेपर्यंत गप्प बसल्या. बायकोने हे मला सांगितलं आणि वर म्हणाली, “तुम्हाला कधी जमलंय ते?” मला राग आला. खरं होतं म्हणूनच आला.

त्यांनी प्रवेश देऊ केला होता आणि शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. मंगळवारी शेवटच्या पानावर मला हवं ते सापडलं. ‘दर बुधवारी कॉन्व्होकेशन. उपस्थिती आवश्यक.’

मला माझं कॉन्व्होकेशन आठवलं. भाड्याचा काळा झगा, सुरळी केलेली पदवी, आईच्या डोळ्यांतलं पाणी. आयुष्यात एकदा होतं ते. इथे दर बुधवारी?

“दर आठवड्याला डिग्र्या वाटतात!” मी विजयी आवाजात म्हणालो. “बोगस आहे. खलास!”

मुलीने तोंड उघडलं. “बाबा, इट्स नॉट...”

“रिअल. तेच तर म्हणतोय मी.”

ती खोलीत निघून गेली. वाद घालायला तिला वेळ लागतो, आणि तो वेळ मी तिला दिलाच नाही.

दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. गुरुवारी संध्याकाळी बायकोने फोन माझ्या हातात दिला. “अहो, एवढा संशय आहे ना, मग त्यांनाच विचारा. आत्ता तिकडे सकाळ असेल. आणि स्पीकरवर ठेवा.”

त्याच बाईंनी फोन उचलला. मी कडक आवाजात कॉन्व्होकेशनचं विचारलं. त्या आधी गोंधळल्या, मग मनापासून हसल्या. त्यांच्याकडे त्या शब्दाचा अर्थ नुसती सभा: आठवड्यातून एकदा सगळे चॅपलमध्ये जमतात, एखादं भजन, कोणाचं तरी भाषण. पदवी मिळते ती चार वर्षांनीच. धर्म बदलावा लागत नाही. आणि ती लाल केसांची? “आम्ही छोटे आहोत सर, एकेकाला तीन-तीन कामं करावी लागतात.”

मग त्यांनी विचारलं, “तुम्हीच ना पाइपवाले बाबा?”

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“तुमच्या मुलीने सांगून ठेवलं होतं. माझे बाबा फोन करतील, खूप प्रश्न विचारतील, त्यांचं कामच ते आहे. प्लीज, त्यांना घाई करू नका, असं म्हणाली.”

फोन ठेवला तेव्हा मुलगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“बाबा, आय व... व... वॉज...”

‘राइट’. तो शब्द माझ्या जिभेवर तयार होता. ती बरोबरच होती, आणि तसं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी ओठ घट्ट मिटले. खाली खालिद लगूनच्या रस्त्यावर कोणीतरी हॉर्न दाबून धरला होता, तो थांबला, तरी तिचा शब्द येत नव्हता. मी थांबलो.

“आय वॉज सो स्केअर्ड,” ती म्हणाली, “दॅट यू वेअर राइट.”

एवढ्या वर्षांत तिची किती वाक्यं मी चुकीची पूर्ण केली असतील, कोण जाणे.