बेचाळिसावी टीप

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. आहे मी, अंगारे-धुपारे वाशिमलाच सोडून पुण्यात आलो. तरीही हे लिहितोय... हसायचं तर हसा.

सायबर कॅफेची वर्षं. वारज्यात खोली घेऊन एकटाच राहायचो. नारायण पेठेतल्या एका वधू-वर केंद्रात कॉम्प्युटरचं काम करायचो. केंद्र चालवणाऱ्या काकू एक्सेलमध्ये स्थळांची यादी ठेवत आणि नावांना कॉमेंट जोडत – 'मुलगा शांत. आई नाही.'

यादी वेबसाइटवर टाकली, तर कॉमेंट गडप! नावावर माऊस नेला तरच दिसायच्या, आणि कॅफेतल्या पालकांना ते कळेना.

"अहो पदवीधर, कुणाला वाचताच येणार नसेल तर मी काय टायपिंगचा सराव करतेय?"

मग मी प्रत्येक कॉमेंटला आकडा दिला आणि पानाच्या तळाशी टिपा छापल्या. फाइलमध्ये कॉमेंट एकेचाळीस. पानावर टिपा... बेचाळीस. शेवटची माझ्याच नावाची – यादीत मीही होतो, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच एका घरून रविवारचं बोलावणं आलं होतं.

'झोपेत पाढे म्हणतो. एकोणतीसच्या पाढ्यात अडकतो.'

हे फक्त माझ्या आईला ठाऊक, आणि तिला अक्षरओळख नाही! फाइलमध्ये माझ्या नावाला कॉमेंटच नव्हती. तीनदा पान नव्याने चढवलं. टीप जागच्या जागी.

काकू म्हणाल्या, "मी लिहिलं असतं तर तेवढ्यावर थांबले नसते."

रविवारी मुलीच्या घरी गेलो. वडील गणिताचे निवृत्त शिक्षक. पोह्यांची बशी हातात देत म्हणाले, "एकोणतीस साते?"

मी पोह्यांतले शेंगदाणे मोजू लागलो. गेलं स्थळ!

आतल्या खोलीतून मुलीचं हसू ऐकू आलं. "अहो बाबा, अडकतात असं स्पष्ट लिहिलंय ना!"

मग ती बाहेर येऊन मला म्हणाली, "बाकी सगळे निर्व्यसनी आणि मनमिळाऊ. स्वतःबद्दल खरं लिहिणारे तुम्ही एकटेच."

मी स्पष्टवक्ता माणूस. त्या दिवशी मात्र पोहे खात राहिलो.

ती टीप मी लिहिली नाही, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही. आणि लिहिली कुणी, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.