बावीस फेरे

आमच्या गल्लीत मायाप्पांइतक्या शिव्या दुसऱ्या कुणी खाल्ल्या नसतील, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत. मी शमशाद टीचर. पस्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं, त्यामुळे माझ्या शिव्या शुद्ध असायच्या, एवढाच काय तो फरक.

मायाप्पा म्हणजे आमचे चावीवाले. सोलापुरात नळाला पाणी येत नाही, ते सोडावं लागतं. रस्त्यात खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह, आणि मायाप्पांच्या खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी. पाच दिवसांतून एकदा ते यायचे, चावी लावायचे आणि तोंडाने मोजत फिरवायचे. आमच्या गल्लीला बावीस फेरे. तेविसावा फेरा मी कधी पाहिला नाही. पुढे चढावर शेवटची गल्ली आहे, इथं एक फेरा जास्त दिला तर तिथले नळ नुसते सूं सूं करतात, असं त्यांचं म्हणणं. आम्ही हंडे घेऊन अंगावर धावून गेलो तरी ते शांतपणे चावी उपसून पुढे चालू लागायचे. असा माणूस फार संताप आणतो.

त्यांच्या बायकोचा, केराबाईंचा, संताप तर आमच्याहून जुना. त्यांची लेक राजनंदिनी जन्मली तेव्हाची गोष्ट. केराबाई बारा दिवसांच्या बाळंतीण, घरात बाळोत्यांचा ढीग, आणि त्या दिवशी पाण्याची पाळी. दारातूनच त्यांनी हाक मारली, "अवो, दोन फेरे जादा द्या की!" सगळी गल्ली कान टवकारून उभी. मायाप्पांनी बावीस मोजले, चावी खांद्यावर टाकली आणि निघून गेले. ते दोन फेरे केराबाईंनी एकोणतीस वर्षं विसरले नाहीत आणि त्यांना विसरू दिले नाहीत. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलणं फिरून तिथंच यायचं.

मायाप्पा निवृत्त व्हायला दोन महिने असताना गल्लीतलं पाणी अचानक करंगळीएवढं झालं. लोक भडकले. चावीवाला ओळखीच्यांना जास्त पाणी सोडतो, असा महापालिकेत अर्ज गेला. चाळीस सह्या, पहिली माझी. चौकशीत पाइप गाळानं गच्च भरलेला निघाला. तो बदलला, पाणी आलं, पण चुकलं म्हणायला कुणी मायाप्पांच्या दारात गेलं नाही. मीही गेले नाही. केराबाई तेवढ्या चारचौघांत म्हणाल्या, "लोकांस्नी दिलं आसंल, तर आमच्याच नळानं काय घोडं मारलं हुतं?" गल्ली खो खो हसली. मायाप्पा हसले नाहीत.

पुढे एकदा कट्ट्यावर बसलेलो असताना त्यांनी मला हळूच विचारलं, "टीचर, मी लोकांस्नी जादा पानी दिलं, आसं हिला खरंच वाटत आसंल का वो?" लोकांचं त्यांना काही नव्हतं. बायकोला काय वाटतं, एवढंच त्या माणसाला हवं होतं, आणि ते तिला विचारायची हिंमत नव्हती. मी काय सांगणार? माझ्या पोटात माझी सही होती.

तर यंदा राजनंदिनीने आईवडिलांना रोमला बोलावलं. ती तिथल्या एका कंपनीत पुलांची गणितं करते. केराबाईंनी अट घातली, "टीचर आल्या तर मी येनार. तितं मी बोलू कुनाशी? ह्यांच्याशी?" मी पासपोर्ट काढला.

पहिल्याच दिवशी मायाप्पांनी घोटाळा केला. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत आणि ते अखंड वाहतात. त्यांना तोटीच नाही! मायाप्पांचा जीव कासावीस झाला. ते नळाभोवती तीनदा फिरले, खाली वाकले, मागे हात घालून पाहिला आणि शेवटी काहीच नाही म्हणून नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. त्या नळांना वरच्या बाजूला आणखी एक छिद्र असतं. तिथून जी धार उडाली ती सरळ केराबाईंच्या तोंडावर. "आता बरं सोडताय पानी!" त्या पदराने तोंड पुसत ओरडल्या. मी हसून हसून कठड्याला धरून उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी राजनंदिनी आम्हाला एक जुनं घर दाखवायला घेऊन गेली. घर जमिनीखाली होतं. वर मोठी इमारत, तिच्या पोटात जिना, आणि जिना उतरलं की दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा श्रीमंताचं घर. म्हणजे त्यातलं जे उरलं होतं ते. गुडघाभर भिंती, फुटकी फरशी, एक कोरडा हौद. त्यावर जाड काच टाकली होती आणि काचेवरून आपण चालायचं.

केराबाई काचेच्या अलीकडे थांबल्या आणि त्यांनी चपला काढल्या.

"आई, हे काय?"

"कुनाच्या घरात चपला घालून कसं जायाचं?"

"अगं, घरमालकाला जाऊन दोन हजार वर्षं झाली."

"म्हनून काय झालं? घर हाय की."

मग मायाप्पांनी काढल्या. मीही काढल्या, एकटीने चपला घालून मिरवणं बरं दिसेना. राजनंदिनीने कपाळाला हात लावला आणि बूट काढले. आमच्या मागे एक जपानी कुटुंब होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि पाचही जणांनी मुकाट्याने बूट काढून ओळीत लावले. लग्नघराच्या दारात असावेत तसे नऊ जोड जमले. तिथला पहारेकरी, पांढऱ्या मिशांचा जाडजूड माणूस, दोन्ही हात हवेत उडवत काहीतरी बोलत राहिला. केराबाई त्याला म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ, कोन न्हेत न्हाय."

मग अंधार झाला आणि मजा सुरू झाली. कुठून तरी उजेडाच्या रेघा आल्या, आणि गुडघाभर भिंती बघता बघता छतापर्यंत वाढल्या. त्यांच्यावर लाल रंग चढला. फरशीचे तुकडे सरसर सरकत आपापल्या जागी बसले, त्यात वेली आल्या, मोर आले. खांब उभे राहिले. वर बघावं तर छत फिरतंय, खाली बघावं तर पायाखाली काच आणि काचेखाली खोल खड्डा. माझं डोकं गरगरायला लागलं, आणि का कोण जाणे, हसूही यायला लागलं. छताकडे बघता बघता मायाप्पांनी माझा पाय दोनदा तुडवला.

छतातल्या कर्ण्यातून एक बाई इंग्रजीत माहिती सांगत होती आणि राजनंदिनी आम्हाला मराठीत. तेवढ्यात लांबून खळखळ ऐकू आली. आधी नळात हवा आल्यासारखी घरघर, मग धार.

"या अल्ला, पानी आया!"

हे मी ओरडले. पस्तीस वर्षांची मराठीची शिक्षिका, पण पाण्याच्या वेळी तोंडातून घरचीच बोली निघते. केराबाई तर केव्हाच धावल्या होत्या. कोरड्या हौदात निळा उजेड चढत होता, लाटा हलत होत्या, आणि हौदाच्या कडेला काचेवर बसकण मारून केराबाईंनी पिशवीतल्या बाटलीचं झाकण उघडून ती धारेखाली धरली होती. हातावर काही पडेना, तेव्हा हे पाणी नुसतं उजेडाचं आहे हे त्यांना उमगलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जे हसू सुटलं ते काही केल्या थांबेना. मी काचेवर बसले. जपानी आजीबाई, काहीही न कळता, आमच्याशेजारी बसून डोळे पुसत हसायला लागल्या.

मायाप्पा मात्र पालथे पडले होते. नाक काचेला लावून.

"चावी!" ते ओरडले. "अगं, चावी हाय हितं!"

हौदाच्या कोपऱ्यात शिशाचा पाइप होता आणि त्यावर हिरवी पडलेली जुनी चावी. "पाव फेऱ्याची हाय," ते गहिवरून सांगू लागले. "आडवी केली की बंद, उबी केली की चालू. लई झ्याक काम! टीचर, बगा तरी!"

केराबाईंचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. "एवडं मोटं घर, आन् हंडे ठिवायला जागा न्हाय?"

"हंडे कशाला, आई? यांच्याकडे रोज पाणी यायचं. दिवसभर."

"दोन हजार वर्सांमागं? रोज?" त्यांनी नवऱ्याच्या पाठीकडे असं पाहिलं, जणू रोमचंही पाणी त्यांनीच तोडलं होतं.

कर्ण्यातली बाई पुढे बोलत होती. राजनंदिनी ओघात सांगत गेली, "त्या काळी पाणी सोडणारे नोकर असायचे. ते..." आणि थांबली.

"ते काय?" मायाप्पांनी विचारलं.

"काही नाही, अण्णा."

"सांग की."

"ते पाइपला चोरून भोकं पाडायचे. आणि ओळखीच्या घरांना जास्त पाणी सोडायचे."

मायाप्पा उठले. काचेवर धूळ नव्हती तरी त्यांनी गुडघे झटकले. माझं हसू जागच्या जागी विरलं. मी भिंतीवरचे मोर मोजू लागले.

"ए बाई!" केराबाई छताकडे बोट करून गरजल्या. "गप बस! समदे तसले नसत्यात! ह्यो मानूस बत्तीस वर्सं चावी फिरवत हुता. बारा दिसाची बाळंतीन हुते मी, दारात हुबी ऱ्हाऊन मागितलं, दोन फेरे द्या म्हनून. सोताच्या बायकूला दिले न्हाईत, सोताच्या लेकराला दिले न्हाईत! आन् ह्यो लोकांस्नी देतोय व्हय? कुनाला बी न्हाय दिलं ह्यानं! एक थेंब न्हाय!"

बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला.

मायाप्पांचं तोंड उघडंच होतं. "म्हंजे तुला म्हाईत हुतं?"

"म्हाईत नसाया काय झालं? म्हनून तर राग हाय की!"

पहारेकरी धावत आला. राजनंदिनीने त्याला त्याच्या भाषेत सगळं सांगितलं आणि सांगता सांगता डोळेही पुसले. तो ऐकत राहिला. मग टोपी काढून त्याने मायाप्पांचा हात दोन्ही हातांत धरला आणि गदागदा हलवला.

"ते म्हणतात, पाण्याचा खेळ पुन्हा लावतो," राजनंदिनी म्हणाली. "पण या वेळी पाणी अण्णांनी सोडायचं."

बाईचा आवाज बंद झाला. मायाप्पा हौदाच्या कोपऱ्यात गेले. अनवाणी पाय फाकवून उभे राहिले, खांद्यावरची नसलेली चावी उतरवली, खाली नीट बसवली आणि फिरवू लागले. "एक... दोन..." जपानी पोरं त्यांच्यामागे मोजायला लागली, चुकीचं पण मोठ्याने. पहारेकऱ्याने हातातलं बटण दाबलं. खळखळ आली, निळा उजेड चढू लागला, आणि आम्ही सगळे टाळ्या पिटत होतो.

"एकवीस... बावीस."

मायाप्पा थांबले. हात सवयीने चावी उपसायला निघाले.

"अवो," केराबाई म्हणाल्या. मोठ्याने नाही. "दोन फेरे जादा द्या की."

मायाप्पांनी इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

"देऊन टाका, मायाप्पा," मी म्हणाले. "या वेळी मी अर्ज करणार नाही. तो अर्ज माझा होता. चुकलं माझं."

"ठावं हाय, टीचर," ते हसले. "पैली सही. पोरीच्या वह्या तपासत हुता तुमी, अक्षर वळखत न्हाय व्हय मी?"

आणि त्यांनी पुन्हा दोन्ही हातांनी चावी धरली.

"तेवीस," मायाप्पा म्हणाले. केराबाईंनी बाटली पुढे धरली. "चोवीस."