मिशी काढलेला बाप

'शी' म्हणताना मॅडम नाक मुरडत नसत. उजव्या हाताची बोटं झटकायच्या, बोटांना काहीतरी चिकट लागलंय आणि ते आत्ताच्या आत्ता निघायला हवं, अशी. मग म्हणायच्या, "शी! घाण आहे नुसती. लावा जी सर, पुढचा भाग लावा."

आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. शाळा राळेगाव तालुक्यातल्या एका गावात आणि आम्ही दोघंही राहायला यवतमाळला. सकाळच्या एसटीत तास-सव्वा तास शेजारी बसायचो. मोबाईल त्यांचा, पण धरलेला मी; वायरचं एक टोक त्यांच्या कानात, दुसरं माझ्या. पाहायच्या फक्त विनोदी मालिका, त्याही पोरं वयात येतात त्या. त्यांची मुलगी अकरावीत गेली आणि घरात बोलेनाशी झाली. दिवसभर असल्याच मालिका पाहायची. "मले काही सांगत नाही थे. तं मंग थे काय पाहते, थेच पाहतो," म्हणून मॅडमनी सुरुवात केली होती.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ज्याची किळस येते तेच त्यांना सोडवत नाही. मॅडम मला तशाच वाटायच्या आणि मी मनातल्या मनात हसायचो. त्या तशा नव्हत्या हे कळायला मला फार वेळ लागला.

लहानपणी त्यांच्या गल्लीत एकच टीव्ही होता. त्यावर लागणाऱ्या घरगुती विनोदी मालिका त्यांना तोंडपाठ होत्या. मधोमध सोफा, मागे जिना. बाप वर्तमानपत्र वाचणारा, आई ट्रे घेऊन येणारी, शेजारी दार न वाजवता आत येणारा. भागाच्या शेवटी बाप मुलाच्या खांद्यावर हात ठेवायचा, दोन वाक्यं बोलायचा आणि सगळं मिटायचं. आणि दर दोन वाक्यांनी न दिसणारी माणसं खदखदून हसायची.

आता मुलगी पाहायची त्या नव्या मालिकांत त्यांना तेच सगळं दिसायला लागलं. एकदा एका मालिकेतला बाप मुलाला स्कूटरवर मागे बसवून नदीकाठी घेऊन गेला. मॅडमनी तिथंच बोटानं चित्र थांबवलं.

"आता खांद्यावर हात ठेवीन पाहा."

ठेवला.

"शी! हा थोच बाप आहे, सर. मिशी काढली फक्त. सोफा काढला आन् स्कूटर ठेवली."

"पण आता ते हसण्याचे आवाज नसतात," मी म्हणालो. मराठीचा मास्तर म्हणून नव्याची बाजू घेणं मला शोभून दिसायचं.

"आवाज काढला, जागा तशीच ठेवली," त्या म्हणाल्या. "पोरगा बोलला की जरासे थांबतात पाहा. तिथं आपणच हासतो. पहिले थे डब्यातले लोक हासत होते, आता आपण डब्यातले झालो."

दुसऱ्या एका दिवशी, कळंब मागे पडल्यावर, त्यांनी कानातली वायर काढली. मग म्हणाल्या, "एवढ्या मालिका पाहिल्या. वयात येते थो पोट्टाच. जुन्यात पोरगी चहा आणत होती, नव्यात ओढणी सावरते. पोट्टे सायकलवर मागं मागं जातात, अन् थे गंमत! थे पोरगी घरी गेल्यावर तिचं काय होते, थे कोणी दाखवत नाही. माही पोरगी हे पाहून पाहून काय शिकून राह्यली असन?"

मी म्हणालो, "मॅडम, विनोदी मालिका आहे हो." माझ्या वाक्यावर बोटं झटकलेली मला दिसली.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचं काम माझ्याकडे होतं. नववीच्या मुलांनी एक नाटुकलं आणलं. तीन मित्र, एक सायकल, चहाची टपरी आणि एक मुलगी. मालिकेतूनच उचललेलं होतं, पण पोरांनी गावाकडची बोली छान पकडली होती. मी लगेच हो म्हटलं. मुलीचं काम करायला सुनंदा नावाची विद्यार्थिनी होती. तिनं दोनदा रंगमंचावरून जायचं आणि एकदा वळून हसायचं, एवढंच काम.

तालमीला मॅडम आल्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"हिचं नाव काय आहे नाटकात?"

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. एक जण म्हणाला, "नाव नाही ठेवलं, मॅडम. लागतच नाही."

मॅडमनी बोटं झटकली आणि सुनंदाला घेऊन त्या प्रयोगशाळेत गेल्या. बाहेर ऐकू आलं ते एवढंच: "तुले काय सांगायचं आहे थे लिही. माह्यासाठी नको लिहू, तुह्यासाठी लिही."

सुनंदानं दीड पान लिहिलं. बसस्टॉपपासून तिचं गाव तीन किलोमीटर. वाटेत दोन मोठी पोरं सायकलवर मागे यायची, घंटी वाजवायची, गाणी म्हणायची. तिनं घरी सांगितलं, तर घरच्यांनी तिचीच शाळा बंद केली. मी ते वाचलं, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, "छान लिहिलंस" म्हटलं आणि नाटुकल्याच्या मध्ये घालून दिलं. ती मागच्याच महिन्यात आठ दिवस गैरहजर होती, हे हजेरीपटावर माझ्याच अक्षरात होतं. तरी मला काही सुचलं नाही.

संमेलन दुपारी होतं. मैदानात मांडव, पुढे संस्थेचे पदाधिकारी, मागे पालक, तिसऱ्या रांगेत आम्ही शिक्षक. पोरांनी पहिली दहा मिनिटं धमाल उडवली. मग सुनंदा एकटी पुढे आली. मागे पोरांनी सायकलची घंटी वाजवली. मांडव हसला. कोणीतरी शिट्टी मारली. ती बोलत राहिली. पुन्हा घंटी, पुन्हा हशा.

"मी घरी सांगितलं," ती म्हणाली. "बा म्हणाला, उद्यापासून घरीच राह्य."

आणि ती श्वास घ्यायला थांबली.

त्या थांबण्यात सगळा मांडव हसला. मीही हसलो. हसून झाल्यावर माझाच आवाज मला ऐकू आला आणि तोंडात कडवट पाणी आलं. ते अजूनही येतं.

मॅडम बाजूच्या पडद्याआडून रंगमंचावर आल्या. माईक न घेता म्हणाल्या, "कोण हासलं? उभं राहा."

कोणी उभं राहिलं नाही. मुख्याध्यापक हातानं खूण करत होते की पुढचं नृत्य सुरू करा. मॅडम हलल्या नाहीत. मग त्या मुलीनं उरलेलं वाक्य म्हटलं, "आठ दिवस मी घरी होती. पोट्टे शाळेत होते." आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेत पालक आले. मला वाटलं, सुनंदाचा बाप असेल. ते त्या सायकलवाल्या पोरांचे वडील होते. आमच्या पोरांची बदनामी झाली, म्हणत होते. सुनंदानं कोणाचंही नाव घेतलं नव्हतं, तरी नेमके हेच आले होते. मुख्याध्यापकांनी त्यांना चहा दिला.

सुनंदाचा बाप दोन दिवसांनी आला. शेतमजूर माणूस. कार्यालयात न जाता थेट प्रयोगशाळेच्या दाराशी उभा राहिला. मी आतच होतो.

"मॅडम, मी मागं उभा होतो मांडवात. मले वाटत होतं, मी पोरीले वाचवून राह्यलो."

"हे मले नका सांगू भाऊ," मॅडम म्हणाल्या. "तिले सांगा."

तो मान हलवून गेला. त्यानं सांगितलं असावं. कारण नंतर वर्षभर सुनंदाचा एकही दिवस बुडाला नाही.

संस्थेला मात्र मॅडमचा माफीनामा हवा होता. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "मजकूर तुम्हीच करून द्या सर. तुमचं आन् त्यांचं जमते." मी लिहून दिला. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता आणि मी बारा ओळी लिहिल्या. 'माझ्याकडून अनवधानाने घडलेल्या प्रकाराबद्दल' अशी सुरुवात होती.

मॅडमनी शिक्षकखोलीत तो कागद उभ्यानंच वाचला. "तुमचं अक्षर आहे," म्हणाल्या. मग, "अनवधानानं काहीच नाही झालं, सर. शुद्धलेखन मात्र बरोबर आहे." कागद घडी न घालता टेबलावर ठेवला. त्यांनी सही केली नाही. बोटं झटकली नाहीत. झटकली असती तर मला बरं वाटलं असतं.

जूनमध्ये त्यांची बदली संस्थेच्या ढाणकीच्या शाळेत झाली. यवतमाळहून रोज जाणं-येणं होणार नव्हतं. त्यांनी तिथं खोली केली. मुलगीही त्यांच्याबरोबर गेली, एवढं कानावर आलं.

गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्तानं मी उमरखेडला गेलो होतो. तिथून ढाणकीला गेलो. मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्यात उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. खुर्ची दिली, पाणी दिलं. सुनंदा नर्सिंगला गेली हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तिचा दर रविवारी फोन येतो म्हणाल्या. मुलीचं विचारलं तर म्हणाल्या, "बोलते आता. भांडतेही."

मी ग्लास खाली ठेवला. शेवटी म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी मांडवात मीही हसलो होतो."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी पडद्याआडून पाहून राह्यली होती. तुम्ही तिसऱ्या रांगेत होते."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? उभं राहा म्हटल्यावर, कोणी नाही तं तुम्ही तरी राहाल, असं वाटलं मले. म्हणून थांबली होती मी. लय वेळ थांबली."

घंटा झाली. त्यांनी खडूची पेटी उचलली, "येते सर" म्हणाल्या आणि आठवीच्या वर्गात शिरल्या. मी खुर्चीत तसाच बसलो. आत प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा सुरू झाला. आवाज पूर्वीसारखाच खणखणीत होता.

यंदा त्या निवृत्त झाल्या. शाळेनं निरोपाचा कार्यक्रम केला. जुन्या शाळेतल्या शिपायाला आणि सुनंदाच्या आई-बापाला बोलावणं होतं, मला नव्हतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.