एर्मेलिंदाने मागितलेली दुसरी नळी

एर्मेलिंदा पुमा हिच्याइतकी हट्टी बाई आमच्या दवाखान्यात दुसरी नाही. बावीस वर्षं ती इथे रक्त तपासतेय आणि मी नर्स म्हणून तेवढीच वर्षं तिची कटकट ऐकतेय.

आमच्या पुनोच्या पठारावर माणसं एक वेळ दावणीचा अल्पाका देतील, रक्त देणार नाहीत. एकदा गेलेलं रक्त पुन्हा भरत नाही, अशी समजूत. एक नळी कशीबशी मिळते. दुसरी मागितली की भांडण. आणि ट्रोपोनिनच्या तपासणीला दोनदा रक्त लागतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं, पण सावकाश. म्हणून पहिल्या नळीत काही दिसलं नाही, तरी तीन तासांनी पुन्हा बघायचं.

त्या रविवारी बाजारातून बासिलिया मावशीला आणलं. सुकवलेले बटाटे विकते ती. जबडा दुखत होता, घाम फुटला होता. पहिल्या नळीत काही निघालं नाही. तीन तास तिला कसंबसं थोपवलं, पण एर्मेलिंदा पुन्हा सुई घेऊन आली तशी मावशी शाल आवळून उठलीच.

"अगं, सकाळी नेलंस त्याचं काय केलंस? प्यायलीस? रक्त म्हणजे काय बटाटा आहे, परत उगवायला?"

एर्मेलिंदा चिडली नाही, याचंच मला नवल वाटलं. तिचा बाप असाच पहिल्या नळीवर घरी गेला होता. "चांगलं आलंय बाबा, जा," असं तिनेच सांगितलं होतं. संध्याकाळी तो वारला. हे ती कुणाला बोलत नाही. ती मावशीशेजारी बसली, बाही सारली आणि मला म्हणाली, "आधी माझं काढ."

आमच्यात तू माझ्या शेतात एक दिवस राबलीस, की मी तुझ्या शेतात एक दिवस राबायचं. हे कुणी मोडत नाही. मी एर्मेलिंदाची नळी भरली. मावशीने ती उजेडात धरून पाहिली.

"पूर्ण भरलीस ना?" असं विचारून तिने चरफडत हात पुढे केला.

या वेळी मावशीचा आकडा चांगलाच चढला होता. डॉक्टरांनी तिला तडक शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं.

"बघ!" स्ट्रेचरवरून मावशी ओरडली. "सकाळी चांगलं होतं. तू दुसऱ्यांदा काढलंस आणि बिघडवलंस!"

"हो मावशी, माझंच चुकलं. परत येऊन मला शिव्या दे. नक्की ये."

सहा आठवड्यांनी मावशी आली. सगळ्या रांगेदेखत तिने एर्मेलिंदाच्या आजीपर्यंत उद्धार केला. एर्मेलिंदा खिडकीत उभी राहून ढसाढसा रडत होती.

"आता रडून काय उपयोग!" मावशी म्हणाली.